निदानावांचून चिकित्सा

मराठींत 'निदान' हा शब्द दोन अर्थांनीं चालतो. वैद्याच्या तोंडीं त्याचा अर्थ रोगाचें कारण निश्चित करणें. घरांत आणि बाजारांत त्याचा अर्थ 'कमींत कमी'. 'निदान चहा तरी घ्या' असें आम्ही दिवसांतून दहा वेळां म्हणतों. परंतु बिघडलेली वस्तु पुढें आली असतां पहिल्या अर्थाचें निदान करण्याची आठवण आम्हांला क्वचितच होते. बिघाड झाला कीं कांहीं तरी बदलावें, तेवढ्यानें भागलें नाहीं तर आणखी कांहीं बदलावें, आणि अखेरीस ती वस्तूच टाकून द्यावी, असा आजचा शिरस्ता झाला आहे. त्याला दुरुस्ती हें नांव देणें हा शब्दाचा दुरुपयोग होय. आणि या स्थितीचा दोष कारागिराकडे जितका जातो त्याहून अधिक आम्हां शिकल्यासवरल्या गिऱ्हाइकांकडे जातो, असें प्रस्तुत लेखकाचें स्पष्ट मत आहे.

हें मत सिद्ध करण्यासाठीं आम्ही एका जुन्या मोटारीचें उदाहरण घेणार आहों. वाङ्मयाला वाहिलेल्या मासिकांत इंजिनाची चर्चा कशाला, असें कोणी विचारतील. त्यांस उत्तर असें कीं, कार्यावरून कारणाचा शोध कसा करावा हा सर्वस्वीं बुद्धीचा प्रश्न आहे, आणि त्या बुद्धीची परीक्षा जुन्या इंजिनापुढें जितकी उघड होते तितकी आमच्या सभासंमेलनांत होत नाहीं. तेथें वक्तृत्वाचा उपयोग नसतो, पदवीला मान नसतो, आणि बहुमतानें ठराव पास करून घेतां येत नाहीं. तर्क बरोबर असेल तर इंजिन चालतें. चुकीचा असेल तर तें गप्प बसतें.

आमच्या परिचयाच्या नांदेडच्या एका डॉक्टरांजवळ त्यांच्या वडिलांनीं हैदराबादेहून आणलेली एम. जी. कंपनीची 'टी. सी.' नांवाची दोन आसनांची स्पोर्ट्स मोटार आहे. इंग्लंडांत ॲबिंग्डन येथें १९४५ पासून १९४९ पर्यंत या जातीच्या सुमारें दहा हजार गाड्या तयार झाल्या. चार सिलिंडरांचें १,२५० घन सेंटिमीटरचें इंजिन, त्यावर दोन एस. यू. कार्बोरेटर, मागल्या अंगाला पेट्रोलची टांकी, आणि तेथून पेट्रोल ओढून घेणारा विजेचा एक लहानसा पंप, अशी तिची रचना आहे. तींत लपलेलें असें कांहीं नाहीं. बॉनेट उचललें कीं प्रत्येक अवयव डोळ्यांना दिसतो व हाताला लागतो.

ही गाडी गेल्या दिवाळीच्या सुमारास एका मोठ्या शहरांतील नामांकित गॅरेजांत नेहमींच्या तपासणीसाठीं गेली होती. तेथें प्लग, पॉइंट आणि कंडेन्सर हे भाग नवे घालण्यांत आले. महिन्याभरानें तिला एक चमत्कारिक दुखणें जडलें. सकाळीं ती एका हाकेसरशी सुरू होई. वीस-पंचवीस किलोमीटर गेल्यावर आचके देऊं लागे आणि बंद पडे. अर्धा तास झाडाखालीं उभी राहिली कीं पुन्हां सुरळीत चाले. डॉक्टरांनीं ती त्याच गॅरेजांत परत नेली. त्या वेळीं पंप बदलण्यांत आला. दुखणें कायम राहिलें, तेव्हां कॉइल बदलण्यांत आली. नंतर दोन्ही कार्बोरेटर खोलून त्यांचे आंतले भाग बदलण्यांत आले. प्रत्येक खेपेस बिल झालें आणि प्रत्येक खेपेस तें चुकतें करण्यांत आलें. चौथ्या खेपेस निर्णय मिळाला कीं, हा सगळा इथेनॉल घातलेल्या पेट्रोलचा परिणाम असून गाडी आतां शोभेसाठीं अंगणांत ठेवावी.

त्यानंतर वैशाखांत ही गाडी कंधार येथें एका वयस्क मिस्त्रीच्या दारांत जाऊन बंद पडली. त्या मिस्त्रीनें पान्हा उचलण्यापूर्वीं जें केलें तें लक्षांत ठेवण्यासारखें आहे. त्यानें प्रश्न विचारले. "साहेब, तापल्यावरच बंद पडते का? एकदम पडते का आचके देऊन? हे पहिल्यांदा कधी सुरू झालं, अन् त्याच्या आधी काय काय बदललं होतं?" हा शेवटचा प्रश्न चार खेपांत कोणींहि विचारला नव्हता.

मग त्यानें किल्ली फिरविली आणि कान दिला. पंप चार-पांच वेळां टिकटिकला व थांबला. या जातीच्या पंपाची टिकटिक थांबली कीं कार्बोरेटरच्या वाट्या भरल्या असें समजावयाचें. नळींत पेट्रोलची वाफ अडकली असती तर पंप रिकामाच भराभर टिकटिकत राहिला असता. तरीहि खात्रीसाठीं त्यानें कार्बोरेटरजवळची नळी सैल करून पाहिली. पेट्रोल जोरानें बाहेर आलें. अर्ध्या शंका तेथेंच मिटल्या. नंतर प्लगची वायर इंजिनाच्या लोखंडाजवळ धरून त्यानें ठिणगी पाहिली. ती निळी व तडफदार असावयास हवी. होती ती पिवळसर आणि मरगळलेली. डिस्ट्रिब्यूटरचें टोपण काढून पाहतां पॉइंट भाजल्यासारखे झालेले दिसले, आणि हातानें उघडतांच त्यांच्या फटींत जाड ठिणगी उडाली. म्हणजे जी शक्ति प्लगजवळ पोंचावयाची ती पॉइंटांवरच जळत होती.

येथें कंडेन्सरचें काम काय तें सांगितलें पाहिजे. पॉइंट उघडले कीं कॉइलमधील प्रवाह तुटतो. तो जितक्या झटक्यानें तुटेल तितकी प्लगजवळची ठिणगी जोरदार होते. परंतु तुटणारा प्रवाह पॉइंटांच्या फटीवरून उडी मारूं पाहतो. ती उडी थोपवून प्रवाह क्षणभर आपल्या पोटांत घेण्याचें काम बोटाच्या पेराएवढी ही डबी करते. चार सिलिंडरांचें इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असतां हें काम सेकंदाला १०० वेळां घडावें लागतें. डबीच्या आंतील विलगक थर कच्चा असला तर थंड असतांना तो कसाबसा टिकतो आणि उष्णतेनें दगा देतो.

मिस्त्रीनें एका जुन्या ॲम्बॅसडरमधून काढून ठेवलेला कंडेन्सर बाहेरून तारेनें जोडला. ठिणगी निळी झाली, इंजिन चालूं लागलें. दुसरा कोणी असता तर येथें थांबून पैसे मागता. हा थांबला नाहीं. एवढ्या वेळांत इंजिन निवल्यामुळेंच तें सुरू झालें नसेल कशावरून, ही शंका त्याची त्यालाच होती. त्यानें इंजिन चांगलें तापेपर्यंत चालविलें; मग संशयित कंडेन्सर पुन्हां बसविला. पांच मिनिटांत आचके सुरू झाले. जुना जोडला, आचके गेले. गुन्हा दोन्ही बाजूंनीं शाबीत झाला. दिवाळींत बसविलेला नवा कंडेन्सर हाच रोग होता; पुढच्या सगळ्या बदलांचा खर्च त्या एका बदलाच्या पोटीं जन्मला होता.

आमच्या पूर्वजांच्या वैद्यकानें या विचारपद्धतीला शास्त्राचें रूप देऊन कित्येक शतकें झालीं आहेत. माधवकराचा 'माधवनिदान' हा ग्रंथ तर सर्वस्वीं रोगविनिश्चयाला वाहिलेला आहे. निदान, पूर्वरूप, रूप, उपशय आणि संप्राप्ति हीं रोगज्ञानाचीं पांच साधनें आयुर्वेदाचा प्रत्येक विद्यार्थी पाठ म्हणतो. आतां मिस्त्रीची कृति यांच्याशीं ताडून पाहावी. दुखणें कशानंतर सुरू झालें हें विचारणें म्हणजे निदान, म्हणजेच हेतूचा शोध. आरंभीं चढावर गाडी किंचित् अडखळत असे, हें त्यानें डॉक्टरांकडून काढून घेतलें, तें पूर्वरूप. तापल्यावर बंद पडणें आणि ठिणगी पिवळी असणें हें रूप. दुसरा कंडेन्सर जोडून आराम पडतो कीं नाहीं हें पाहणें हा उपशय. औषध देऊन पाहून रोग ओळखण्याची ही रीति आहे. आणि उष्णतेनें थर दगा देतो, प्रवाह पॉइंटांवर जळतो, ठिणगी दुबळी होते, म्हणून इंजिन थांबतें, ही कारणांची सांखळी म्हणजे संप्राप्ति. ज्या मनुष्यानें माधवकराचें नांवहि ऐकलेलें नाहीं त्यानें पांचहि पायऱ्या चढून दाखविल्या. आणि ज्या गॅरेजाच्या भिंतींवर प्रमाणपत्रें लटकत होतीं तेथें पहिल्या पायरीवरहि पाऊल पडलें नाहीं.

कोणी म्हणतील, गॅरेजानेंहि उपशयच केला; पंप बदलून पाहिला, कॉइल बदलून पाहिली. या दोहोंतील अंतर ओळखणें हाच विवेक. उपशय हा अनुमानानंतर येतो. आधीं संशय एका ठिकाणीं आणावयाचा, मग एकच वस्तु बदलावयाची, मग फळ पाहावयाचें, आणि शेवटीं ती वस्तु परत बसवून दोष परत येतो कीं नाहीं हेंहि पाहावयाचें. अनुमानावांचून केलेला बदल हा जुगार आहे, आणि त्यांत हरलेले पैसे गिऱ्हाइकाचे असतात. शिवाय नवी वस्तु म्हणजे निर्दोष वस्तु असें गृहीत धरणारा मनुष्य आपल्याच हातानें घातलेला दोष कधींहि पाहूं शकत नाहीं, कारण त्या जागेकडे त्याचा संशय फिरकतच नाहीं.

आतां इथेनॉलकडे वळूं. २०२५ सालापर्यंत पेट्रोलमध्यें वीस टक्के इथेनॉल मिसळण्याचें सरकारनें ठरविलें आणि तें साध्य झालें. आमच्या मांजरा-गोदावरीच्या कांठीं ऊंस पिकतो, त्यामुळें या विषयावर येथें दोन पक्ष पडले आहेत. एका पक्षाच्या मतें इथेनॉलनें कांहींच बिघडत नाहीं. दुसऱ्याच्या मतें गाडीचा प्रत्येक बिघाड इथेनॉलनेंच होतो. दोन्ही पक्ष निदान न करतांच बोलतात. वस्तुस्थिति अशी आहे कीं, शुद्ध पेट्रोलचा एक भाग पुरता जळण्यास वजनानें हवेचे सुमारें १४.७ भाग लागतात, इथेनॉलला सुमारें ९ लागतात. त्यामुळें शुद्ध पेट्रोलसाठीं जुळविलेल्या कार्बोरेटरमध्यें वीस टक्क्यांचें मिश्रण कांहींसें पातळ पडतें. एस. यू. कार्बोरेटरमध्यें जेट खालीं उतरवून मिश्रण गडद करण्याची सोय मुळांतच आहे. इथेनॉल पाणी ओढून घेतें, आणि महिनोन् महिने उभ्या असलेल्या गाडीच्या टांकींत तें उपद्रव करतें. जुन्या जातीच्या रबराच्या नळ्या त्यानें फुगतात व मऊ होतात. हें सर्व खरें आहे. पण यांतील प्रत्येक गोष्ट तपासतां येते. कांचेच्या मोजनळींत पेट्रोल व थोडें पाणी घालून हलविलें कीं इथेनॉल पाण्यांत उतरतें व खालचा थर वाढलेला दिसतो. नळी हाताला मऊ लागते कीं नाहीं हें पाहण्यास अर्धा मिनिट पुरे. ज्यानें यांपैकीं एकहि कसोटी लावली नाहीं त्याला इथेनॉलवर आरोप करण्याचा अधिकार नाहीं, आणि त्याला निर्दोष ठरविण्याचाहि नाहीं.

या विवेचनावर दोन आक्षेप येतील. पहिला असा कीं, आतां नव्या गाड्यांत संगणक बसविलेला असतो आणि तोच दोष सांगतो. तेव्हां ही जुनी विद्या कशाला जपावयाची? संगणक दोष सांगत नाहीं; तो लक्षण सांगतो. मिश्रण पातळ आहे असा संकेत पडद्यावर उमटला तर तें नळींत हवा शिरल्यामुळें, पंप दुबळा झाल्यामुळें, इंजेक्टर तुंबल्यामुळें, कीं मोजणारें साधनच बिघडल्यामुळें, हें पुन्हां मनुष्यालाच ठरवावें लागतें. जो मनुष्य संकेत वाचून लगेच भाग बदलतो तो ताप पाहून क्विनाईन देणाऱ्या वैदूच्याच पंक्तीला बसतो; थर्मामीटर महाग असल्यानें त्याची पंक्ति बदलत नाहीं.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. अवर्षणानें गांजलेल्या तालुक्यांत बसून श्रीमंताच्या खेळण्याविषयीं काय अश्रू ढाळतां, असें आम्हांला विचारण्यांत येईल. जुन्या गाडीचा मालक आपली काळजी घेण्यास समर्थ आहे. २०२१ सालीं केंद्र सरकारनें पन्नास वर्षांहून जुन्या खासगी गाड्यांसाठीं निराळी नोंदणी सुरू केली. नव्या नोंदणीला वीस हजार रुपये भरले कीं निराळ्या मालिकेचा क्रमांक मिळतो. पाटी मिळते, गाडी चालती ठेवणारा मिस्त्री त्या नियमांत कोठेंच नाहीं. पण तें असो. याच तालुक्यांतील विहिरीवरची मोटर घ्या. ती जळते, शेतकरी ती गांवांत आणतो, वाइंडिंग नवें भरलें जातें, दोन महिन्यांनीं ती पुन्हां जळते. ती कां जळाली हें कोण विचारतें? तीन फेजांपैकीं एक गेला तर उरलेल्या दोहोंवर भार पडतो, प्रवाह वाढतो, आणि तारेवरचें विलगन जळून जातें; दाब कमी असला तरी प्रवाह वाढतोच. रोग डीपीवरच्या फ्यूजमध्यें किंवा सैल जोडांत असतो, आणि उपचार चालतो मोटरच्या पोटावर. डॉक्टरांच्या चार बिलांत आणि शेतकऱ्याच्या चार वाइंडिंगांत तत्त्वाचा फरक नाहीं. फरक एवढाच कीं डॉक्टरांना तो खर्च सोसतो, आणि शेतकऱ्याचा उभा भुईमूग तेवढ्या दिवसांत वाळून जातो.

असें कां व्हावें? कारागीर आळशी किंवा लबाड झाले, हें सोपें उत्तर आम्हांला मान्य नाहीं. कंधारच्या त्या मिस्त्रीनें दीड तासाच्या कामाचे पांचशें रुपये मागितले, तेव्हां जवळ उभ्या असलेल्या एका पदवीधर गृहस्थानें आश्चर्य व्यक्त केलें कीं, एवढ्याशा डबीचे पांचशें? डबीची किंमत थोडी होती हें खरें. पण पांचशें रुपये डबीचे नव्हतेच. आणि ज्या डॉक्टरांची ती गाडी, ते स्वतः रोग्याची नाडी पाहून, चार प्रश्न विचारून, औषधाची एक गोळीहि न देतां फी घेतात, व तें योग्यच आहे. कारण तपासणें हें काम आहे असें समाजानें तेथें मान्य केलें आहे. मिस्त्रीच्या बाबतींत तें मान्य केलेलें नाहीं. आम्ही त्याला वस्तूचे पैसे देतों, शोधाचे देत नाहीं. म्हणून आम्हांला वस्तु मिळतात, शोध मिळत नाहीं. जो दोन तास विचार करून एक कंडेन्सर बदलील तो उपाशी राहील, आणि जो विचार न करतां पंप, कॉइल व कार्बोरेटर बदलील त्याचें दुकान वाढेल, अशी व्यवस्था आम्हीं स्वतः केली आहे. मग ती व्यवस्था तिचें फळ देते याबद्दल तक्रार करणें शोभत नाहीं.

या व्यवस्थेचें मूळ आमच्या शिक्षणांत आहे. या मुलुखांत मोटारीची विद्या महाविद्यालयाच्या दारानें आली नाहीं. कंधार १९४८ पर्यंत निझामाच्या राज्यांत होतें. १९३२ सालीं निझामाच्या रेल्वेनें २७ बसगाड्या घेऊन रस्त्यावरची वाहतूक सुरू केली. आमच्या गॅरेजांत 'उस्ताद' हा शब्द अजून ऐकूं येतो, आणि ही विद्या त्या शब्दाबरोबर हातांतून हातांत गेली. तिची परंपरा मोठी, पण तिला लिपि मिळाली नाहीं. उस्ताद गेला कीं त्याच्या बरोबर चाळीस वर्षांच्या केस-टिपणांचें पुस्तक जळतें, आणि जळालें हेंहि कोणाला कळत नाहीं. इकडे आमचा पदवीधर तर्कशास्त्राचे नियम इंग्रजींत पाठ म्हणतो. एका वेळीं एकच कारण बदलावें हें त्याला परीक्षेपुरतें ठाऊक असतें. पण घरांतला पंखा बंद पडला तर तो नवा पंखा आणतो. एकाजवळ हात आहेत, अक्षर नाहीं. दुसऱ्याजवळ अक्षर आहे, हात नाहींत. आणि दोघांची गांठ पडते ती फक्त बिलावर.

मराठी नियतकालिकांना यंत्र नेहमींच परकें होतें असेंहि नाहीं. १९२० सालीं 'किर्लोस्कर खबर' हें मासिक एका कारखान्यांतून निघालें आणि पुढें तें मराठी वाचकांच्या घरोघरीं गेलें. लोखंड आणि लेखणी यांचें वैर असतें तर हें घडलें नसतें. आज मात्र साहित्यिक म्हणवून घेणारांस गॅरेजांतील भाषेचा विटाळ वाटतो. 'कचरा आला', 'करंट मार खातोय', 'टायमिंग पुढें गेलें', 'प्लग ओला झाला' हे शब्दप्रयोग आमच्या कोशकारांनीं कधीं कान देऊन ऐकले आहेत काय? त्यांत कारणांची भाषा आहे, आणि ती नेमकी आहे.

उलट आमच्या समीक्षेची भाषा पाहावी. कादंबरी खपत नाहीं, तर म्हणे मोबाइलमुळें. कविता नीरस झाली, तर म्हणे इंग्रजी शाळांमुळें. ग्रंथालय ओस पडलें, तर म्हणे काळच तसा. हा समीक्षेतला इथेनॉल आहे. त्या ग्रंथालयांत नवें पुस्तक शेवटचें कधीं आलें, तें कोणत्या वेळीं उघडें असतें, आणि पूर्वीं येणारा वाचक नेमका कोणत्या महिन्यापासून येईनासा झाला, हे मिस्त्रीचे तीन प्रश्न जोंवर कोणी विचारीत नाहीं, तोंवर ठराव, परिसंवाद आणि अनुदानें हीं सगळीं न तपासतां बदललेलीं कॉइलें होत.

तेव्हां आमच्या मागण्या थोड्या आणि साध्या आहेत. पहिली ही कीं, तपासणीची फी निराळी असावी आणि ती मिस्त्रीनें उजळ माथ्यानें मागावी. गिऱ्हाइकानें ती वस्तूच्या किंमतीशीं न ताडतां द्यावी. दुसरी ही कीं, औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून मोटार मेकॅनिकचा जो दोन वर्षांचा अभ्यासक्रम चालतो, त्याच्या शेवटीं विद्यार्थ्यापुढें मुद्दाम बिघडविलेलें इंजिन ठेवावें, आणि त्यानें किती भाग बदलले यावर न जातां, किती कमी बदलून दोष शाबीत केला यावर गुण द्यावेत. तिसरी मागणी आमच्याच वर्गाकडे आहे. प्रत्येक तालुक्याच्या महाविद्यालयांत दरवर्षी शेंकडों विद्यार्थी प्रकल्प म्हणून पुस्तकांतलीं पानें उतरवून काढतात. त्यांतल्या दहांना तरी जुन्या मिस्त्रींच्या शेजारीं बसवावें, आणि कोणती गाडी कोणत्या लक्षणानें आली, काय संशय आला, तो कसा तपासला आणि काय ठरलें, हें त्यांच्याच शब्दांत मराठींत लिहून घ्यावें. हे मिस्त्री वृद्ध आहेत. हें काम दहा वर्षांनीं करूं म्हटल्यास विचारण्यासाठीं कोणी उरणार नाहीं, आणि मग कंडेन्सर कच्चा कीं पक्का हें सांगणारें माणूस या तालुक्यांत शोधूनहि सांपडणार नाहीं.